जांभळ्या कापडाची वसुली

अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "सुशीलाताई, तुमच्या स्पॅनिशच्या गमतीजमती लिहा. वाचकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हटलं. गमती आहेत, त्या लिहितेही. पण सगळा लेख गमतीत उरकेन असा शब्द मी दिलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी सुरतची, लिंबायतची. वडील भुसावळकडून मिलच्या कामाला आले आणि इथेच राहिले. सुरतेतल्या एका कापड निर्यातदाराकडे मी जन्मभर स्पॅनिशमधून पत्रं लिहिली. आमच्या गल्लीत हे कुणाला नीट कळलंच नाही. शेजारच्या काकूंना बरीच वर्षं वाटत होतं की स्पॅनिश हा शिवणाचा एखादा प्रकार असावा. एकदा त्यांनी मला ब्लाउज शिवून देशील का म्हणून विचारलंही.

स्पॅनिश मला शिकवली आमच्या शाळेतल्या एका वृद्ध सिस्टरने. त्या स्पेनहून आलेल्या होत्या आणि म्हातारपणी त्यांना स्वतःच्या भाषेत बोलायला कुणी उरलं नव्हतं. शाळा सुटल्यावर त्या मला समोर बसवून बोलत राहायच्या. घरी बुद्धवंदना आणि शाळेत सिस्टरची स्पॅनिश, असं माझं बालपण गेलं. त्यांच्याकडून मी दया, क्षमा, आशीर्वाद असली क्रियापदं उत्तम शिकले. पैशाचं एकही नाही. सिस्टरना पैशाशी कधी काम पडलंच नव्हतं.

पुढे त्या निर्यातदार शेठकडे टायपिस्ट म्हणून लागले. त्यांचं कापड दक्षिण अमेरिकेत जायला लागलं तेव्हा ऑफिसात एकदम माझी किंमत वाढली. सुरुवातीची माझी पत्रं वाचून पेरूतल्या लिमाच्या एका व्यापाऱ्याने विचारलं होतं, "तुमच्या ऑफिसात मठ आहे का?" माझी भाषा देवळातली आणि काम वसुलीचं. ते जमवायला मला काही वर्षं लागली.

आता कामाबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढचं समजेल. पैसे मागण्यासाठी आपण मराठीत एकच 'घेणे' कुठेही चालवतो. शिंपी किती घेतो, डॉक्टर किती घेतात, रिक्षावाला जास्त घेतो. स्पॅनिशमध्ये तसं भागत नाही. 'फाक्तुरार' म्हणजे बिल करणं. बिल केलं म्हणजे पैसे आले असं होत नाही, कागद तयार झाला इतकंच. 'कार्गार' म्हणजे रक्कम कुणाच्या तरी खात्यावर टाकणं. त्याला माहीत असो वा नसो, त्याच्या नावावर ती चढली. आणि 'कोब्रार' म्हणजे प्रत्यक्ष पैसे हातात येणं, वसुली. लिमात बसच्या कंडक्टरलाही त्याच क्रियापदावरून हाक मारतात. कागद, नाव आणि हात या तीन वेगळ्या जागा आहेत. पत्र लिहिताना पैसा नेमका कुठल्या जागी आहे हे आधी बघायचं आणि मग क्रियापद उचलायचं, हा माझा धंद्याचा सगळा शहाणपणा.

शिवाय सुरात चढउतार असतो. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच पत्रात 'वसूल करू' लिहिलं तर तो दारात गुंड आल्यासारखा बिथरतो. आमच्या मार्केटात हल्ली बरेच जण मोबाइलवर भाषांतर करून पाठवतात. एका पेढीने 'आम्ही तुम्हाला वाहतुकीचे चार्ज करू' असं पाठवायला सांगितलं आणि 'कार्गार'चा दुसरा अर्थ उचलणं असल्यामुळे मोबाइलने त्या गिऱ्हाइकाला आम्ही तुम्हाला कडेवर घेऊ असं काहीतरी कळवलं. त्याने उत्तर दिलं, माझं वजन बरंच आहे. झाली एक गंमत.

दुसरी गंमत बोलिव्हियाच्या एका म्हाताऱ्याची. त्याला मी तगाद्याचं पत्र लिहिलं की तो आपल्या आईच्या तब्येतीबद्दल दोन पानं लिहायचा. पैशाचा उल्लेख नाही. मग मी आधी आईची चौकशी करायची, काढा कळवायचा आणि शेवटी हळूच बिलाचा नंबर टाकायचा. आई शंभरीच्या पुढे गेली असणार असा माझा हिशोब होता. एक दिवस त्याने सगळे पैसे एकरकमी पाठवले आणि खाली लिहिलं, आई काल वारली, आता तुम्हाला सांगण्यासारखं काही उरलं नाही. मी ऑफिसात रडले. शेठ म्हणाले, "बेन, पैसा तो आवी गया ने?"

शेठ वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनला त्यांनी न मागता पैसे दिले होते आणि पगारातून कापले नव्हते. सणाला मिठाईचा डबा माझ्या हाती ते स्वतः द्यायचे. पण बाजार त्यांच्या अंगात मुरलेला होता. आणि सुरतेच्या कापडबाजारात एक चीज आहे, तिचं नाव डेबिट नोट.

कापड उशिरा आलं, डाग पडला, रंग फिका निघाला, की माल घेणारा पैसे कापतो आणि तसं लिहून पाठवतो. ज्याचे कापले तो ती रक्कम आपल्या खालच्याच्या नावावर टाकतो. निर्यातदार मिलच्या, म्हणजे रंगाई करणाऱ्या कारखान्याच्या नावावर. मिलवाला ठेकेदाराच्या. ठेकेदार मजुराच्या. प्रत्येक जण आपल्या पायरीवर थोडी भर घालतो, म्हणजे आपल्याला त्रास झाला त्याची. खाली कुणी नसलेल्या माणसाच्या नावावर ती जाऊन बसते. मी हे रोज बघत होते आणि 'कार्गार' शब्दाचा अर्थ मला शब्दकोशापेक्षा याच्यातून जास्त कळला.

आता ती गोष्ट.

लिमात ऑक्टोबर महिना जांभळा असतो. ख्रिस्ताला नवस म्हणून बायका महिनाभर जांभळा झगा घालतात, कमरेला पांढरी दोरी बांधतात. म्हाताऱ्या, शाळकरी मुली, भाजीवाल्या, सगळ्या. त्या झग्यांचं कापड बरीच वर्षं आमच्याकडून जायचं. घेणारीचं नाव सेन्योरा, म्हणजे श्रीमती, रोसारियो. ती तिथल्या कापडबाजारात दुकान चालवायची. कडक बाई. गुडघे दुखत असले तरी महिनाभर झगा घालणारी आणि हिशोबात एक पैसा न सोडणारी. आमचं पटायचं. करारात तिने अट घालून ठेवली होती, माल उशिरा निघाला तर दर आठवड्याला इतके टक्के कापणार. जहाजाला महिना-दीड महिना लागतो. ऑक्टोबर उलटल्यावर जांभळं कापड कोण घेणार?

ते कापड पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंगायचं. हायवेला लागून ओळीने मिली आहेत, त्यातलीच एक. तिथे रंगाईच्या मशीनवर आमच्या गल्लीतला अशोक काम करायचा. मूळचा खानदेशातल्या पारोळ्याकडचा, बोली अहिराणी. बायको मंगल आणि एक मुलगी. गल्लीच्या टोकाला भाड्याची एक खोली. जांभळा रंग लागला की कोपरापर्यंत हात जांभळे करून यायचा आणि मला दाखवायचा. "ताई, तुनी लिमावालीना रंग," म्हणायचा. मला फार बरं वाटायचं. मी लिहिलेलं पत्र आणि त्याचे हात यांच्यात काहीतरी नातं आहे असं.

आषाढात एका दुपारी त्या मशीनचं झाकण आतला दाब उतरायच्या आधी उघडलं. आत उकळतं रंगाचं पाणी असतं. का उघडलं, कुणी उघडायला लावलं, दाब दाखवणारा काटा चालू होता की बंद, याबद्दल प्रत्येकाने वेगळं सांगितलं. काटा बरेच दिवस बंद होता असं त्याच्या बरोबरचे कामगार आमच्या ओट्यावर बसून म्हणाले आणि मिलच्या दारात गप्प झाले. अशोक दोन-तीन दिवस हॉस्पिटलात होता आणि तिथेच गेला. त्याला घरी आणलं तेव्हा मी गेले होते. अंगावर पट्ट्याच पट्ट्या होत्या. उघडी होती ती फक्त बोटं, आणि नखं जांभळी होती. मंगल ओल्या फडक्याने ती पुसत होती. रंग पक्का होता, निघाला नाही.

ऑफिसात शेठनी मला बोलावलं. मशीनमधला माल खराब झाला होता, बाकीचा दुसऱ्या मिलमध्ये रंगवून घ्यावा लागणार होता.

"सुशीलाबेन, लखी नाखो के टेक्निकल प्रॉब्लेम थयो छे. माल थोडो मोडो पडशे."

तांत्रिक अडचणीमुळे माल उशिरा निघेल, असं मी लिहिलं. पत्र माझं नव्हतं, पेढीचं होतं, आणि पेढीच्या पत्रात पेढी सांगेल ते जातं. सेन्योराचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. वाईट वाटलं, पण करार तो करार, उशिराचे टक्के कापले जातील. शेठनी त्याच संध्याकाळी मिलच्या नावाने डेबिट नोट फाडली. उशिराचे पैसे, खराब मालाचे पैसे आणि वर मनस्तापाचे म्हणून थोडे. मिलने ती ठेकेदाराकडे ढकलली. आणि ठेकेदाराने अशोककडे. अशोक तर राखेत गेला होता, पण त्याची मजुरी ठेकेदाराकडे शिल्लक होती.

इथली पद्धत माहीत नसेल तर सांगते. असे ठेकेदार मजुराला दर आठवड्याला खर्चीपुरते पैसे देतात, किराणा भागेल इतके. बाकीची मजुरी त्यांच्याकडे साचते आणि दिवाळीला हातात येते. म्हणजे गेल्या दिवाळीपासूनची अशोकची जवळजवळ सगळी कमाई ठेकेदाराकडे होती. मिलच्या हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे नुकसानभरपाईचं काय ते कोर्टात वर्षानुवर्षं भांडून बघा, असं वकील म्हणाला. मंगलला आधार होता तो त्या साचलेल्या मजुरीचा. ती मिळाली तर खोली टिकणार होती, मुलीची शाळा टिकणार होती. नाहीतर गावी जायचं, आणि गावी दीर तिला दारात उभी करणार नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर ती ठेकेदाराकडे गेली. तो म्हणाला, वरून डेबिट आलीय, तुझ्या नवऱ्यामुळे माल बिघडला, फॉरेनच्या बाईने पैसे कापले, त्यात त्याची मजुरी गेली. शिल्लक शून्य.

मंगल सरळ माझ्याकडे आली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते.

"ताई, ती बाई कोन शे? जिनी मना घरवालानी मजुरी काप्यी?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. डेबिट नोट, करार, उशीर. तिने ऐकून घेतलं.

"तुले तिनी भाषा येस ना?"

"येते."

"मंग तिले लिखी दे. तुना कपडा रंगाडता रंगाडता मना माणूस मरी गया. आते त्यानी मजुरी तरी सोड, म्हना."

तिला वाटत होतं की पैसे त्या बाईच्या पेटीत आहेत आणि ती पेटी उघडेल. मलाही तेच वाटलं, हे मी लपवत नाही. वर जो कापतो त्याने सोडलं तर खालचे सगळे सुटतील, इतकं सरळ गणित मी मांडलं होतं. आयुष्यभर वरून खाली येणारे कागद मी पाहिले होते, वर परत जाणारा एकही पाहिला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मी सेन्योराला माझ्या नावाने पत्र लिहिलं. पेढीचा कागद वापरला नाही. काय घडलं ते लिहिलं, नखांबद्दलही लिहिलं. आणि शेवटी 'कोंदोनार' हे क्रियापद घातलं. म्हणजे देणं माफ करणं. सिस्टरने शिकवलेल्या शब्दांपैकी तो एकच शब्द माझ्या धंद्यात कधी वापरायला मिळाला नव्हता.

उत्तर यायला आठवडा लागला. सेन्योराने लिहिलं होतं की आधीच्या खेपेतलं उरलेलं जांभळं कापड ती आता घरात ठेवू शकत नाही आणि फेकूही शकत नाही. यंदाचा झगा ती त्याच कापडाचा शिवून घेणार होती, त्या माणसासाठी. टक्के तिने पूर्ण सोडले होते. पेढीच्या नावाने तसं वेगळं पत्र जोडलं होतं, सही-शिक्क्यासह.

मी ते घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले तेव्हा माझी चाल बदललेली असणार. त्यांनी भाषांतर ऐकलं, चष्मा काढला.

"वाह बेन. सारू काम कर्युं."

"मग आता मिलला कळवायचं ना? डेबिट रद्द म्हणून?"

शेठना माझा प्रश्न खरोखर समजला नाही.

"डेबिट तो लागी गयी, बेन. लागेली डेबिट पाछी न लेवाय. आज हुं पाछी लउं तो काले आखुं मार्केट मारी पासे मागशे."

"पण आपले पैसे तर कापलेच गेले नाहीत."

"ए तो एनी मेहरबानी. मिल साथे एने शुं लेवादेवा?"

लागलेली डेबिट मागे घेतली तर उद्या सगळं मार्केट तेच मागेल, एवढंच त्यांचं म्हणणं. ते रागावले नाहीत. चहा मागवला. बाजाराच्या हिशोबाने त्यांचं बरोबरच होतं. लिमाची बाई आणि शेठ हा एक व्यवहार, शेठ आणि मिल हा दुसरा. माफी पहिल्या व्यवहारात झाली, दुसऱ्यात डेबिट लागलेली होती. म्हणजे अशोकच्या मजुरीचे पैसे आता लिमाला जाणार नव्हते. ठेकेदाराकडून मिलला, मिलकडून शेठला आणि शेठच्या गल्ल्यात ते थांबणार होते. माझ्या पत्राने एवढंच घडवलं होतं. चहा मी प्यायले नाही. माझा संताप झाला होता आणि तो दाखवायची सोय नव्हती.

महिन्यातून एकदा सेन्योराशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. शेठ मधे, मी शेजारी. ते गुजरातीत बोलायचे, मी स्पॅनिशमध्ये सांगायचे. नव्या मालाचे भाव झाले, मग सेन्योराने चष्म्यावरून बघत विचारलं, "मी सोडलेले पैसे त्या बाईला पोचले का?"

मी शेठना प्रश्न सांगितला.

"कही दो, पहोंची गया."

इतक्या वर्षांत शेठच्या तोंडचं वाक्य मी कधी बदललं नव्हतं. कडू असेल तर थोडं मऊ करून सांगितलं असेल, पण बदललं नव्हतं. दुभाष्याने आपलं मत मधे घालायचं नाही, हा माझा नियम होता आणि त्याचा मला अभिमान होता. पण मी तिथे बसले होते आणि मला मंगलचं ओलं फडकं दिसत होतं. मी म्हटलं, "शेठ म्हणतात पोचले. मी त्याच गल्लीत राहते. पोचलेले नाहीत. तुम्ही सोडले, इथे ते वसूल झाले." कोब्रार. पैसा ज्या जागी होता त्या जागेचं क्रियापद.

शेठ हसून मान हलवत होते. त्यांना वाटलं मी त्यांचंच बोलणं जरा लांबवून सांगतेय. सेन्योराचा चेहरा मात्र बदलला. तिने माझ्याकडे बघणं सोडलं, शेठकडे बघितलं आणि येत होते तेवढे इंग्रजी शब्द एकेक करून टाकले.

"मिस्टर. फॅमिली. मनी. फोटो. देन न्यू ऑर्डर."

शेठचं हसू ओसरलं. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

दिवाळीच्या आधी ऑफिसात कार्यक्रम झाला. मला वाटलं होतं, एका पाकिटात पैसे घालून मंगलच्या हातावर ठेवतील. पण शेठच्या पुतण्याने कापडी बॅनर छापून आणला होता, त्यावर 'आर्थिक सहाय' असं गुजरातीत. फुलं होती, पेढे होते, मार्केटचे दोन पदाधिकारी होते. मंगलला नवी साडी नेसवली होती, पेढीच्याच मालातली. मुलीला तिने घरी ठेवलं होतं.

पाकीट देताना शेठ म्हणाले, "आ अडधा छे. बाकीना होळी ए." अर्धे आता, उरलेले होळीला.

फोटोवाला म्हणाला, "बेन, जरा नमी जाओ. शेठना पगे लागो, सारो फोटो आवशे."

मंगल माझ्याकडे वळली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, हाई कसाना पैसा शेतस?"

"अशोकच्या मजुरीचे. तुझेच आहेत."

"मंग पाय कसाले पडू?"

आमच्या घरात माणसाने माणसाच्या पायावर डोकं ठेवायचं नाही, हे वडिलांनी लहानपणीच पक्कं केलं होतं. मी तिला 'नको पडू' म्हणायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. पण उरलेले अर्धे शेठच्या खिशात होते आणि ते माझ्याइतकंच मंगललाही माहीत होतं. तिने क्षणभर पाकिटाकडे पाहिलं आणि वाकली. फोटो छान आला.

त्या फोटोबरोबर लिमाला पत्र जायचं होतं. शेठनी मजकूर सांगितला: आमच्या पेढीने मृत कामगाराच्या कुटुंबाला उदार मनाने दान दिले. दानासाठी स्पॅनिशमध्ये 'दोनार' आहे. सोपं क्रियापद, सिस्टरच्या आवडीचं. मी टाइप करायला बसले आणि ते उमटेना. मी 'पागार' लिहिलं, म्हणजे देणं चुकतं करणं. आपला पगार हा शब्द त्याच्याच पोर्तुगीज भावंडाकडून आलाय, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी लिहिलं: सोबतच्या फोटोतल्या बाईला तिच्या नवऱ्याच्या साचलेल्या मजुरीपैकी अर्धी चुकती केली, अर्धी बाकी आहे.

पूर्वी अशी पत्रं कुणी तपासायचं नाही. तपासणार कोण? या वेळी पुतण्याने जाण्याआधी मोबाइल पत्रावर धरला आणि मोबाइलने ते गुजरातीत वाचून दाखवलं. एरवी माणसांना कडेवर घेणाऱ्या त्या यंत्राने माझं पत्र शब्दन् शब्द बरोबर वाचलं. मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर पेढी उघडली त्या दिवशी शेठनी मला समोर बसवलं. माझा सगळा हिशोब तयार होता. पगार, बोनस, ग्रॅच्युइटी, एक पैसा कमी नाही. "बेन, तमारा हाथनुं काम हवे मोबाइल करी ले छे," ते म्हणाले. दारापर्यंत आले. तिथे म्हणाले, "अने पेली बाईना बाकीना, ए हवे तमे जाणो." म्हणजे मंगलचे उरलेले पैसे आता तुमचं तुम्ही बघा.

फोटो लिमाला गेला, दानाच्या मजकुरासह. सेन्योराचा मला एकदा मेसेज आला होता, पैसे पूर्ण मिळाले का म्हणून. अर्धे मिळाले, उरलेले होळीला देऊ असं शेठ म्हणाले होते, असं मी कळवलं. तिने नवी ऑर्डर दिली. ऑक्टोबर काही थांबत नाही, आणि त्या भावात जांभळं कापड दुसरं कोण देणार?

होळी आली आणि गेली. मंगल माझ्याकडे दोनदा येऊन गेली. काही मागितलं नाही, नुसती बसली. मार्केटमधून साड्या आणून त्यांच्यावर टिकल्या चिकटवायचं काम तिने सुरू केलं होतं. बोटांना कायम गोंद. खोलीमालकाने सामान बाहेर काढायची भाषा सुरू केली होती, तेही मला दुसऱ्याकडून कळलं.

एकदा तिने विचारलं, "ताई, तू शेठनी चिठ्ठीमा काय लिखं व्हतं, का त्यानी तुले काढी टाकं?"

मी सांगितलं.

ती टिकल्या निवडू लागली. "तू तसं नसतं लिखं, ते माले बाकीना पैसा भेटता का?"

"माहीत नाही, मंगल. कदाचित मिळाले असते."

"हं," म्हणाली. तिने मला दोष दिला नाही आणि शाबासकीही दिली नाही. ते 'हं' माझ्या घरात पुढे बरेच दिवस राहिलं. खरं क्रियापद मी निवडलं होतं आणि त्याची किंमत तिच्या नावावर पडली होती. आजही तोच शब्द लिहीन. पण तो लिहिला म्हणून मला छाती पुढे काढता येत नाही.

मग मी एक काम केलं. माझं घर स्वतःचं आहे, एकट्या बाईला लागतं किती. शेठनी दिलेल्या हिशोबातून मी उरलेली रक्कम बाजूला काढली, साध्या पाकिटात घातली आणि मंगलच्या खोलीवर गेले. मुलगी शाळेत होती. मंगलने हात पुसले आणि पाकीट घेतलं.

"हाई कसाना?" तिने विचारलं. तोच प्रश्न.

"शेठने पाठवलेत. बाकीचे अर्धे."

जन्मभर पैसा कुठल्या जागी आहे ते पाहून शब्द वापरणाऱ्या बाईने हे वाक्य जराही न अडखळता म्हटलं.

मंगलने नोटा मोजल्या, पाकीट डब्यात ठेवलं, डब्यावर पीठ चाळायची चाळणी ठेवली. मग माझ्याकडे न बघता टिकल्यांचं ताट पुढे ओढलं.

"या टाइमले शेठनी फोटू नही काढा का?"

तिने सरकून मला बसायला जागा केली आणि साडीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघी टिकल्या चिकटवत बसलो. पाया ती पडली नाही.